...आणि हमनवा

उरुसाचे दिवस आले की दर्ग्याच्या कमानीवर, एसटी स्टँडच्या भिंतीवर आणि चहाच्या हॉटेलांच्या दारांवर कव्वालीच्या मुकाबल्याची पोस्टर्स लागतात. मधोमध कव्वालाचे नाव ठळक अक्षरांत, शेजारी त्याचा फोटो, दुसऱ्या बाजूला प्रतिस्पर्धी कव्वालाचा फोटो, आणि नावाखाली बारीक टायपात दोन शब्द : 'आणि हमनवा'. हमनवा म्हणजे ज्यांचा सूर एक आहे ते. ते सात असतील, आठ असतील. त्यांत पेटीवाला असतो, ढोलक किंवा तबलावाला असतो, अलीकडे बेंजो आणि ऑक्टोपॅडवाला असतो, आणि मागच्या ओळीत नुसत्या टाळ्या वाजवणारे तिघे-चौघे असतात. त्यांची नावे पोस्टरवर नसतात. कव्वाली संपल्यावर निवेदकही ती घेत नाही.

आपली समीक्षाही या पोस्टरसारखीच आहे, अशी माझी तक्रार आहे. मराठीत कव्वालीवर थोडेफार लिहिले गेले आहे. आपल्या साहित्य संमेलनांच्या स्मरणिकांतून आणि वार्षिकांतूनही हा विषय येतो. त्यात अमीर खुसरो (1253 ते 1325) येतात, चिश्ती सिलसिला येतो, सूफींचा प्रेममार्ग आणि वारकऱ्यांचा भक्तिमार्ग यांची तुलना येते, आणि शेवटी सामाजिक ऐक्य येते. हे लेखन चुकीचे नाही. पण ते वाचताना मला वाटत राहते की लेखकाने कव्वाली वाचली आहे, ऐकलेली नाही. शब्दांचा अर्थ सांगून झाल्यावर कव्वालीत जे उरते, ते म्हणजे आठ-दहा माणसांनी मिळून धरलेली लय. तिच्याविषयी एक ओळही सापडत नाही. कव्वाली हा काव्यप्रकार नाही, सादरीकरणाचा प्रकार आहे. तोच कलाम एकट्याने गायला तर ती गझल होते, नात होते, मनकबत होते. कव्वाली होत नाही. कव्वाली होण्यासाठी हमनवा लागतात. मग समीक्षेने त्यांना बारीक टायपात का ठेवावे?

प्रथम या लयीचा व्यवहार कसा चालतो ते पाहू. पाश्चात्य वाद्यवृंदापुढे हातात छडी घेतलेला संचालक उभा असतो आणि वादक त्याच्याकडे पाहून काळ मोजतात. कव्वालीत तसा कोणी नसतो. मुख्य गायक पुढे बसतो, म्हणजे बहुतेक साथीदारांकडे त्याची पाठ असते किंवा फार तर एक खांदा. हमनवांना त्याचा चेहरा दिसत नाही, हात मात्र दिसतो. तोही लय दाखवण्यासाठी उठत नाही, शब्दाच्या भरात उठतो. मग लय राहते कुठे? ढोलकात, असे सहज उत्तर येईल; ते अर्धेच खरे आहे. ढोलकवाला ठेका देतो, पण तो गायकाच्या मागे जाणारा साथीदारही आहे. गायकाने शब्द ओढला, मध्येच एखादा शेर पेरला, तर त्याला किंचित वाट पाहावी लागते, कधी आवर्तन सोडून द्यावे लागते. जी गोष्ट शब्दांकडे न पाहता चालू राहते ती टाळी. शास्त्राप्रमाणे आठ मात्रांच्या केरव्यात पाचवी मात्रा खालीची असते, तिथे हात रिकामा जातो. कव्वालीत तिथेही टाळी पडते. भरी आणि खाली हा भेद टाळीवाला मानत नाही. त्याला सम दाखवायची नसते, जमीन दाखवायची असते.

(जाता जाता : सूफींचा 'समा' आणि तालाची 'सम' यांचा व्युत्पत्तीने काही संबंध नाही. पहिला शब्द अरबी, ऐकणे या अर्थाचा, दुसरा संस्कृत. पण दोन्ही शब्द रोज वापरणारे कव्वाल ते एकमेकांत इतके मिसळतात की भाषाशास्त्राने तिथे गप्प बसावे.)

हे मी पुस्तकातून लिहीत नाही. डी.एड. झाल्यावर नोकरी लागेपर्यंतच्या दोन वर्षांत मी एका नातेवाइकांच्या पार्टीत मागच्या ओळीत बसत असे. गळा बेताचा, पेटी येत नव्हती, म्हणून टाळी. मला वाटले होते की हे काम कोणालाही जमेल. पहिल्याच रात्री तासाभरात ढोलकवाले चाचा माझ्याकडे वळून बघू लागले. मध्यांतरात म्हणाले, "बेटा, तू भाग रहा है." मी म्हटले, मी तर शेजारच्या हाताकडे बघून वाजवत होतो. त्यावर ते म्हणाले, "हात मत देख. सुन." पाहून वाजवणारा नेहमी उशिरा पडतो, आणि आपण उशिरा पडतो आहोत हे कळले की पुढची टाळी घाईने मारतो. उशीर आणि घाई हे एकाच चुकीचे दोन टोक आहेत, हे मला तिथे कळले. कान लावून बसलो तेव्हा आणखी एक कळले, की चार जणांच्या टाळ्या खरोखर जुळल्या म्हणजे आपली टाळी आपल्याला ऐकू येत नाही. ऐकू आली, तर चुकली.

लय चढणे आणि लय पळणे यांतला फरक समीक्षकाने कानात ठेवायला हवा. कव्वाली विलंबितात सुरू होते, पेटीवर नगमा वाजतो, मग हम्द, नात, मनकबत असा क्रम असतो, आणि प्रत्येक कलामात लय चढत जाते. ही चढण कव्वालीचा प्राण आहे. पण ती सर्वांनी मिळून चढायची असते. एकजण पुढे गेला आणि बाकीचे त्याच्यामागे ओढले गेले, तर लय पळाली. मैफलीत बसलेल्या सामान्य श्रोत्याला दोन्ही वेळा 'जोश' आला असेच वाटते. पण पहिल्या प्रकारात वेग वाढूनही शब्द स्वच्छ ऐकू येतो, दुसऱ्यात शेवटची अक्षरे गिळली जातात. आजच्या मुकाबल्यांतून जी कव्वाली ऐकू येते ती बहुतेक पळालेली असते. सुरुवातीच्या दहा मिनिटांतच वेग टोकाला जातो, आणि मग उरलेला वेळ फक्त आवाज वाढवण्यात जातो. याचा दोष मी एकट्या कव्वालांना देणार नाही. नोटा उधळणारा श्रोता वेगावर उधळतो, आणि साउंडवाला 'इको' सोडतो. इकोने शब्द गोड वाटतो, पण टाळीची कड नाहीशी होते. मैदानाच्या टोकाला खांबावर बांधलेल्या भोंग्यातून परत येणारा आवाज आणि स्टेजवरचा आवाज यांत मागच्या ओळीतल्या माणसाने कोणता धरायचा? मी एकदा भोंग्याचा धरला होता. अर्धे आवर्तन ढोलक एकीकडे आणि मी एकीकडे होतो.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. दर्ग्यातल्या समाच्या मैफलीत लयीचा मालक कोण? तिथे कव्वालाचे गाणे एखाद्या श्रोत्याला लागते, तो उठतो, त्याला हाल येतो. रिवाज असा की ज्या मिसऱ्यावर हाल आला तो मिसरा कव्वालाने सोडायचा नाही, तो माणूस शांत होईपर्यंत घोळवत राहायचे. ख्वाजा कुतबुद्दीन बख्तियार काकी यांचे 1235 मध्ये दिल्लीत निधन झाले ते अशाच मैफलीत. अहमद जाम यांच्या फारसी शेरावर त्यांना हाल आला आणि त्या अवस्थेत दिवसांमागून दिवस तोच शेर गायला जात राहिला, असे सूफी चरित्रग्रंथ सांगतात. या प्रसंगावर पुष्कळ लिहिले गेले आहे. ख्वाजासाहेबांविषयी लिहिले आहे, शेराच्या अर्थाविषयी लिहिले आहे. मला मात्र नेहमी त्या कव्वालांचा विचार येतो. त्यांचे काय झाले असेल? दिवसरात्र एक शेर, एक लय. त्यांच्यातल्या कोणाला थकून लय सोडण्याची मुभा होती का? त्यांची नावे नाहीत. तेही हमनवाच.

मी असा प्रसंग एकदाच पाहिला, छोट्या प्रमाणावर. एका गावच्या उरुसात पहाटे तीनच्या सुमारास एक म्हातारे गृहस्थ उठले. साधे, बहुधा शेतकरी, डोक्याला उपरणे. ते एकाच जागी उभे राहून डोलू लागले आणि आमच्या प्रमुखांनी तो मिसरा धरला. पाच मिनिटे झाली, दहा झाली. माझे तळवे सुजले होते. शरीराची इच्छा एकच असते, वेग वाढवावा म्हणजे हे लवकर संपेल. पण चाचांनी ठेका उलट किंचित खाली आणला, त्या म्हाताऱ्याच्या डोलण्याइतका. तोपर्यंत मी समजत होतो की ढोलक गायकाला साथ करते. त्या पहाटे ते गायकाला साथ करत नव्हते. गायक, पेटी, टाळ्या, सगळे मिळून एका अनोळखी माणसाला साथ करत होतो. वीस-पंचवीस मिनिटांनी ते खाली बसले. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत, नोटा उधळल्या नाहीत. चहा आला.

समासाठी तीन अटी सांगितल्या जातात : जमान, मकान, इख्वान. योग्य वेळ, योग्य जागा, योग्य सोबती. हे वचन जुनैद बगदादींच्या नावाने चालते आणि इमाम गजालींनीही ते विचारात घेतले आहे. इथे 'जमान' म्हणजे तालातला काळ नव्हे, हे मला माहीत आहे. नमाजची वेळ नसावी, जेवणाची नसावी, मन विखुरलेले नसावे, असा त्याचा अर्थ. पण ज्याने मागच्या ओळीत बसून पाहिले आहे त्याला या तीन शब्दांत आपले काम दिसल्याशिवाय राहत नाही. आपल्या महाराष्ट्रात याचे मोठे ठिकाण खुलदाबाद. हजरत निजामुद्दीन औलियांचे खलिफा बुरहानुद्दीन गरीब (निधन 1337) तिथे आहेत. समाची त्यांना इतकी ओढ होती की त्यांच्या अनुयायांची समातली डोलण्याची पद्धत 'बुरहानी' म्हणून वेगळी ओळखली गेली. म्हणजे दख्खनला कव्वाली केवळ मुंबईच्या सिनेमाने दिली असे नाही.

सिनेमाचा विषय निघाला आहे तर तोही संपवतो. 'बरसात की रात' (1960) मधील रोशन यांची बारा मिनिटांच्या आसपासची कव्वाली हा नमुना म्हणून घ्यावा असाच आहे. मन्ना डे, रफी, आशा भोसले, सुधा मल्होत्रा, बातिश. गायकांत कमी कोण? त्या काळी वादक आणि गायक एकत्र बसून ध्वनिमुद्रण होत असे, त्यामुळे तिच्यात माणसांची ऊब आहे. तरी मला ती ऐकताना लय जिन्यासारखी वाटते. एक टप्पा संपतो, पायरी चढते, पुढचा टप्पा. कुठे किती चढायचे हे आधी कागदावर ठरलेले आहे. दर्ग्यातली लय भरतीच्या पाण्यासारखी चढते, केव्हा चढली हे कळत नाही. हा दोष नव्हे. सिनेमाच्या कव्वालीला उठणारा म्हातारा गृहीतच धरलेला नसतो.

नुसरत फतेह अली खान (1948 ते 1997) यांच्याकडे या दृष्टीने पुन्हा पाहायला हवे. त्यांच्या आवाजाविषयी इतके बोलले गेले की ते मुळात तबला शिकले होते ही गोष्ट मागे पडली. इंग्लंडमधील वोमॅड महोत्सवात 1985 साली झालेल्या त्यांच्या मैफलीचे ध्वनिमुद्रण 2019 मध्ये प्रसिद्ध झाले. समोरचा बहुसंख्य श्रोता भाषा न जाणणारा. त्यात नुसरत सरगम घेऊन तालाच्या आडव्या जातात, असे तुकडे करतात की समेचा ठाव सुटतो की काय असे वाटते. त्या वेळी तबल्यावरचे दिलदार हुसेन काय करतात ते ऐकावे. ते जवळपास काहीच करत नाहीत. साधा ठेका. उत्तर देण्याचा मोह होईल अशा जागा ते सोडून देतात, आणि टाळ्या भिंतीसारख्या उभ्या राहतात. म्हणून नुसरत यांना त्या भिंतीवर डोके आपटण्याची मोकळीक मिळते. ज्याला आपण नुसरत यांचे स्वातंत्र्य म्हणतो ते मागच्या आठ जणांनी स्वतःचे स्वातंत्र्य बाजूला ठेवून दिलेले आहे.

याच्या शेजारी 'मस्त मस्त' (1990) हा मायकेल ब्रुक यांच्यासोबतचा अल्बम ठेवा. त्याचा मी द्वेष करत नाही. त्याच्यामुळेच माझ्या पिढीतल्या कित्येक मुलांनी हे नाव ऐकले. पण त्यात यंत्राचा ठोका आहे आणि यंत्राचा ठोका चुकत नाही. तो वाटही पाहत नाही. गायक तिथे ठोक्याभोवती फिरतो, ठोका गायकाकडे झुकत नाही. 'लय पक्की' म्हणजे काय, याचा अर्थ त्या काळापासून बदलला असे मला वाटते. आज मुकाबल्यातला ऑक्टोपॅडवाला तयार ठेका लावून देतो आणि टाळीवाल्यांची गरज संपते. तीन माणसांचे मानधन वाचते. हिशेब म्हणून ते बरोबर आहे.

एक उदाहरण कव्वालीबाहेरचे, पण आपल्या घरातले. मुरादाबादचे उस्ताद अहमदजान थिरकवा, ज्यांना 1970 मध्ये पद्मभूषण मिळाले आणि ज्यांचे 1976 मध्ये निधन झाले, ते गंधर्व नाटक मंडळीत बालगंधर्वांना तबल्याची साथ करत. सारंगीवर कादरबक्ष. मराठी रंगभूमीचा इतिहास लिहिणारे ही नावे आदराने घेतात आणि लगेच म्हणतात, पाहा, कलेला धर्म नसतो. मला हे वाक्य फार दिवसांपासून खटकते. थिरकवांचा उल्लेख ऐक्याचा दाखला म्हणून झाला की त्यांनी तबल्यावर केले काय, हे सांगण्याची जबाबदारी संपते. एकल वादनात बोलांची रास ओतणारा हा उस्ताद नाट्यपदामागे बसल्यावर बालगंधर्वांच्या शब्दाला जागा ठेवून ठेका धरायचा. 'वन्स मोअर' आला की तेच पद पुन्हा, आणि पुन्हा त्याच लयीत. त्याच्या वाद्यकामाचे असे बारीक वर्णन जितके सापडायला हवे तितके का सापडत नाही? मुसलमान कलावंत आपल्या समीक्षेत प्रतीक म्हणून लवकर येतो, कारागीर म्हणून उशिरा येतो. ही तक्रार मी बाहेरच्यांकडे बोट दाखवून करत नाही. आपल्याच वार्षिकांतले लेख काढून पाहावेत. आपण स्वतःच आपल्या माणसांचे दाखले करून ठेवले आहेत.

उर्दू शाळेत गणित शिकवताना गुणाकाराला आम्ही 'जर्ब' म्हणतो, भागाकाराला 'तक्सीम'. पाठ्यपुस्तकात तसेच छापलेले असते. जर्ब म्हणजे मुळात प्रहार, ठोका. जिक्र करताना 'अल्लाह'च्या नावाचा जो आघात दिलावर दिला जातो तोही जर्ब, आणि ढोलकावरची थापही जर्ब. चौथीच्या मुलांना पाढे म्हणायला लावले की ती आपोआप ठोक्यात म्हणू लागतात. एक गट पुढे पळतो, दुसरा मागे राहतो, आणि सातच्या पाढ्यावर हमखास लय मोडते. कारण तिथे पाठांतर कच्चे असते. लय बहुधा तिथेच पळते जिथे शब्द कच्चा असतो. मोठ्या कव्वालांतही हे पाहिले आहे.

सकाळच्या प्रार्थनेला आमच्याकडे इक्बालची 'बच्चे की दुआ' म्हणतात. पुढे दोन मुली म्हणून दाखवतात, मागे दोनेकशे मुले. मागच्या रांगा नेहमी रेंगाळतात, आणि नवीन शिक्षक त्यांना दटावतात. त्यांचा दोष थोडाच असतो. आवाज एका सेकंदात साधारण 340 मीटर जातो. तीस-पस्तीस मीटरवरच्या मुलाला पुढचा शब्द सेकंदाच्या एक दशांश उशिरा पोचतो. मिनिटाला 120 ठोक्यांची लय धरली तर तो ठोक्याचा पाचवा हिस्सा झाला. कव्वाल गुडघ्याला गुडघा लावून का बसतात ते यावरून कळावे. तीन-साडेतीन मीटरच्या आत हा उशीर शतांश सेकंदावर येतो.

एका वर्षी स्नेहसंमेलनाच्या तराण्यासाठी मी मुलांना टाळी शिकवली. पंधरा दिवस सराव झाला. चाचांचे सूत्र सांगितले, हात बघू नका, ऐका. मुले सुरेख वाजवू लागली. मग दोन पालक भेटायला आले. बोलणे सौम्य होते. तराणा चांगला आहे, पण टाळ्या नकोत, ते म्हणाले. संगीत जायज की नाजायज हा वाद मला येतो, दोन्ही बाजूंचे दाखले येतात, आणि त्या दिवशी मी त्यातला एकही दिला नाही. टाळ्या काढून टाकल्या. कार्यक्रमात तराणा दुसऱ्याच कडव्यात पळाला. पुढच्या रांगेतली मुले संपवून गप्प उभी होती आणि मागची अजून म्हणत होती. पालकांनी कौतुकाने टाळ्या वाजवल्या, त्याही एका लयीत नव्हत्या.

त्यानंतर मी प्रार्थनेच्या रांगा बदलल्या. लांब दहा रांगांऐवजी अर्धवर्तुळ केले, मधे त्या दोन मुली. मुख्याध्यापकांनी विचारले, तेव्हा सांगितले की उन्हाचा त्रास कमी होतो.